तुपकी आणि कार्बाइडची नळी

२०२५ च्या दिवाळीत भोपाळ व मध्य प्रदेशातील अन्य शहरांत शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुसंख्य मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. कारण ठरली ती प्लास्टिकच्या नळीची 'कार्बाइड गन'. तिच्यावर बंदी आली, आणि ती यावयासच हवी होती. परंतु नळीतून काही उडवून पाहण्याची मुलांची ओढ बंदीने शमत नाही. तिला दुसरी वाट दाखविणे हे शाळेचे काम आहे.

ती वाट फार दूर नाही. छत्तीसगडमध्ये जगदलपूरला आषाढात रथयात्रेचा गोंचा उत्सव होतो. तेथे लहानथोर 'तुपकी' उडवून देवाच्या रथाला सलामी देतात. तुपकी म्हणजे बांबूची पोकळ नळी आणि तीत सरकणारा दांडा. मालकांगोणीचे एक हिरवे फळ दांड्याने नळीच्या तोंडाशी ठासून बसवावयाचे. मग दुसरे मागून रेटावयाचे. मधली हवा कोंडते, दबते, आणि पुढचे फळ फट्‌दिशी सुटते. दांडा नळीहून किंचित आखूड असल्याने मागचे फळ तोंडाशीच थांबते आणि पुढच्या बाराला तयार राहते.

बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम येथे हाताला जाणवतो. हवा एकतृतीयांश जागेत कोंडली की दाब तिप्पट होतो. (झटक्यात दाबलेली हवा तापते, त्यामुळे तो प्रत्यक्षात थोडा अधिकच भरतो, हा धडा वरच्या वर्गासाठी.) फळ्यावर 'दाब गुणिले आकारमान' लिहून पाठ करून घेण्यात जो तास जातो, त्यात पंधरा तुपक्या तयार होतील.

या दोन नळ्यांत मूळ भेद शक्तीच्या उगमाचा आहे. तुपकीतील ऊर्जा मुलाच्या दंडातून येते. दंडात असेल तेवढीच ती भरते. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण अडीच टक्के असो वा ऐंशी, तो पेट घेतो. किती साठला हे मुलाला कळत नाही. बार झाला नाही म्हणून ते नळीत डोकावते, आणि नेमका तेव्हाच भडका उडतो.

तुपकीही डोळ्यावर रोखता कामा नये, हे खरे. हिरव्या फळाऐवजी खडा भरला की ती खेळणे राहत नाही. वर्गात ओल्या कागदाचा बोळा चालतो. त्याहूनही सौम्य साधन म्हणजे प्लास्टिकची रिकामी बाटली. तिच्या बुचात बारीक नळी बसवावी, नळीवर बंद टोकाची कागदी नळी सैलसर चढवावी आणि बाटली दाबावी. कागदी बाण खोलीभर जातो. पुस्तकात सर्वाधिक पल्ल्यासाठी ४५ अंशांचा कोन सांगितलेला असतो. हवेच्या विरोधामुळे हलक्या कागदाला बहुधा त्याहून कमी कोन मानवतो. कोणता, हे विद्यार्थ्यांनी पट्टी व कोनमापक घेऊन शोधावे. त्यासाठी प्रयोगशाळेच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. दुपारच्या सुट्टीतला व्हरांडा पुरतो.