सीमाभागातला मतदार जाब विचारणार तरी कुणाला?

बेळगाव : सीमाप्रश्नावर मुंबईत एक नेता गरजला की बेंगळूरमध्ये दुसरा गरजतो. झळ बसते ती बेळगुंदी, खानापूर, निपाणीच्या माणसाला. बस बंद पडतात, चंदगडला दिलेल्या लेकीकडे जायचं अडतं, दवाखाना आणि कॉलेजची वाट लांबते. पुढाऱ्यांच्या भाषणात आणि आपल्या रोजच्या जगण्यात एवढं अंतर का, ते जरा आकड्यांतून बघूया.

डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला अमित शहा यांनी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणीही दावा करायचा नाही आणि अडचणी दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी मिळून सोडवायच्या, असं ठरलं. पुढे काय झालं? २२ डिसेंबरला कर्नाटक विधानसभेने ठराव केला, २७ ला महाराष्ट्राने. दोन्ही ठराव एकमताने. महाराष्ट्राचा २००४ चा दावा मात्र न्यायालयात होता तिथंच राहिला.

असं का होतं? कारण मतांचं गणित. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी एकाही जागेसाठी बेळगुंदीचा माणूस मतदान करत नाही. म्हणजे मुंबईतल्या नेत्याने आश्वासन देऊन पाळलं नाही, तरी सीमावासीय त्याला पाडू शकत नाही. कर्नाटकात २२४ जागा. त्यातल्या १८ बेळगाव जिल्ह्यात, आणि मराठी मत निर्णायक ठरतं ते बेळगाव ग्रामीण, दक्षिण, उत्तर, खानापूर, निपाणी अशा मोजक्याच ठिकाणी. लोकसभेला तर मराठी मत तीन वाटेला गेलंय. बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगाव मतदारसंघात, निपाणी चिक्कोडीत आणि खानापूर थेट कारवार भागाच्या उत्तर कन्नडमध्ये. त्यामुळे ताणून बोलण्यात दोन्हीकडच्या नेत्यांचं नुकसान काहीच नाही. टाळ्या त्यांच्या, बंद आपला.

मग मराठी मतदारच बदलला, असं म्हणायचं का? २०२१ हे एकच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीचे शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी निवडून आल्या त्या फक्त ५,२४० मतांनी. पाचच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, बेळगाव महापालिकेत भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. त्या वेळी पहिल्यांदाच पक्षाच्या चिन्हावर निवडणूक झाली होती.

मतदार एका वर्षात दुसराच झाला नाही. सीमाप्रश्न काळजात आहे, पण गटार, पाणी, रस्ता ज्याच्याकडून होईल असं वाटतं त्याला मत द्यायचं, असा हिशोब अनेकांनी केला. त्याला 'फितूर' म्हणणं सोपं आहे. समितीचंही चुकलंच की. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला गटबाजीत एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे राहिले आणि हाती शून्य आलं. २०२३ लाही शून्यच. एकी मोडली की मराठी माणसाचा आवाज विधानसभेपर्यंत पोचतच नाही.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथं माणूस बघून मत पडतं आणि मराठी-कन्नड शेजारी एकाच पॅनेलमध्ये दिसतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे तालुका आणि जिल्हा पंचायत. त्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. गावचा सदस्य आणि आमदार यांच्यामधला दुवाच गायब. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? तालुक्याचं काम अधिकाऱ्यांच्या हातात, आणि अधिकाऱ्याला मतं मागायची नसतात.

भाषेच्या हक्काचंही तसंच. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राने राज्यांशी मिळून ठरवलेल्या संरक्षण योजनेत आहे. घटनेच्या कलम ३५० अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितलंय. हे मागायला सीमाप्रश्नाचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही. मराठीत परिपत्रक मागणारा मराठी माणूस कन्नड शेजाऱ्याचं काही हिरावूनही घेत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दारात उमेदवार आला, मग तो समितीचा असो, भाजपचा असो की काँग्रेसचा, तर घोषणा ऐकून घ्या आणि तीन प्रश्न विचारा. मराठी परिपत्रकं कधी मिळणार? तालुका पंचायतीची निवडणूक कधी? आणि दोन्ही राज्यांत तणाव झाला तरी बस चालू ठेवायची जबाबदारी कोण घेणार? उत्तर देताना तो कुणाकडे बोट दाखवतो, तेवढं लक्षात ठेवा.