इंग्रजींत ‘नको’ कसें म्हणावें?

पेणच्या गणपतींना परदेशांतूनहि मागणी असते, आणि त्या मागणीबरोबर हमरापूर-जोहे भागांतील कारखान्यांत इंग्रजी पत्रव्यवहारहि आला आहे. तेथील आपल्या लोकांची नवी पिढी मराठी बोलते, परंतु पुष्कळदां वाचीत नाहीं.

आमच्या ओळखीच्या एका तरुण कारखानदाराकडे दोन वर्षांपूर्वीं ऐन ज्येष्ठांत अशाच एका कुटुंबाची मागणी आली : एक मूर्ति विमानानें पाठवितां येईल काय? रंगकाम अंगावर आलेलें, डोळ्यांची आखणी करणारे हात मोजके. त्यानें उत्तर धाडलें, ‘वुई विल ट्राय.’ आपल्याकडे ‘बघतों, प्रयत्न करतों’ एवढें ऐकलें कीं गिऱ्हाईक काय तें समजतें व शेजारचा कारखाना गांठतें. तिकडे मात्र तें वचन ठरलें. चतुर्थीला त्या मंडळींनीं पाटावर सुपारी मांडून पूजा केली. तक्रारीचें अक्षरहि त्यांनीं लिहिलें नाहीं.

पोळलेला हा गृहस्थ गेल्या वर्षीं दुसऱ्या एका मंडळाला नकार लिहून आमच्याकडे आला. मसुदा होता, ‘वुई डिनाय युवर ऑर्डर.’

“गुरुजी, आतां तरी स्पष्ट झालें ना?”

“अरे, स्पष्ट झालें, पण त्यांनीं मागणी केलीच नाहीं असें तूं म्हणतो आहेस!”

आपल्या ‘नाकारणें’ या एका क्रियापदाच्या पोटांत इंग्रजीचीं चार क्रियापदें राहतात. आरोप खोटा म्हणावयाचा तेथें ‘डिनाय’, वाईट म्हणून टाकावयाचें तेथें ‘रिजेक्ट’, ‘रिफ्यूज’मध्यें हट्टाचा वास येतो, आणि ‘डिक्लाइन’ म्हणजे मूळ लॅटिन अर्थानें वांकून बाजूस होणें. व्याकरणांतील ‘डिक्लेन्शन’, म्हणजे आपलें विभक्तिकार्य, तेंहि याच धातूपासून निघालें. शब्द वांकतो, मोडत नाहीं. पण पत्रांत तेंहि क्रियापद नको, असें आम्हीं त्याला सांगितलें, आणि लिहून दिलें : ‘वुई आर ग्रेटफुल फॉर युवर ऑर्डर, बट वुई आर अनेबल टु टेक इट धिस इयर.’ यांतील शेवटचे दोन शब्द त्याला फाजील वाटले. वस्तुतः पत्राचा सारा जीव त्यांतच होता. ‘आय ॲम अफ्रेड’ घालावें काय, असेंहि त्यानें विचारलें. तेथें भीतीचा कांहीं संबंध नसतो, हें पटवितांना मात्र आमचा घसा सुकला.

जेवणाच्या पानावरचा नकार आणखी निराळा. आपल्या घरीं पहिलें ‘नको’ हें आग्रहाला आमंत्रण असतें. इंग्लंडांत शिकावयास गेलेल्या रोह्याच्या एका मुलानें यजमानीणबाईंना ‘नो, थँक यू’ म्हटलें व दुसऱ्या आग्रहाची वाट पाहिली. तोंवर ताटेंच उचललीं गेलीं. शिवाय नुसतें ‘थँक यू’ म्हटलें तर इंग्रज तो होकार धरतो. जर्मन मनुष्य मात्र नुसत्या ‘डांके’नें नकार समजतो. अमेरिकेंत ‘आय ॲम गुड’ म्हणून चहा नको म्हणतात. आम्हीं तें प्रथम ऐकलें तेव्हां बोलणारा स्वतःच्या सौजन्याची ग्वाही देतो आहे, असेंच वाटलें.

संस्कृतांत ‘अलं श्रमेण’ म्हणतात. ‘अलम्’च्या योगें तृतीया येते ती श्रमाला, नकार जातो तो श्रमाकडे, माणसाकडे नव्हे. आपलें ‘राहूं द्या’ आणि इंग्रजांचें ‘प्लीज डोण्ट ट्रबल’ याच जातीचीं.

रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले 1954 सालीं जपानांत धर्मपरिषदेस गेले होते. तेथें नोबेल पारितोषिक मिळविलेले पदार्थवैज्ञानिक आर्थर कॉम्प्टन यांनीं त्यांना अमेरिकेंत येऊन कार्य करण्याचें सुचविलें. स्वदेशींच पुष्कळ करावयाचें आहे, असें सांगून शास्त्रीबुवांनीं तें नम्रपणें नाकारलें. देऊं केलेल्या गोष्टींत उणें काढलें नाहीं, आणि ‘बघूं’ म्हणून कोणाला तिष्ठतहि ठेवलें नाहीं.

यंदा माघांतच त्या मंडळाची मागणी कारखान्यांत येऊन पडली. सुपारीवर पूजा करणाऱ्या कुटुंबाकडून मात्र अद्याप कांहीं आलेलें नाहीं.