नवं ग्राफिक्स कार्ड घेतलंय? आधी त्याचा घाम काढा, मग गेम खेळा!

इतवारीत आमचं घर धान्याच्या ठोक बाजाराला लागूनच आहे. लहानपणापासून एक दृश्य रोज पाहते. ट्रकमधून पोती उतरतात, व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखतो आणि मगच भाव बोलतो. तिकडे सराफ्यात सोनं कसाला लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. अशा बाजारात वाढूनही मी आणि दादानं २९ हजारांचं ग्राफिक्स कार्ड घेतलं, ते नुसता डबा पाहून!

माझं व्हिडिओ एडिटिंग, त्याचं थ्रीडीचं काम. वर्षभर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून पैसे जमवले होते. कार्ड बसवलं, स्क्रीन उजळली, आम्ही खूश. मग दादाची परीक्षा आली, जड काम काही झालंच नाही. अकराव्या दिवशी त्यानं रेंडर लावला आणि वीस मिनिटांत स्क्रीनभर हिरवे ठिपके! दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, ‘‘रिप्लेसमेंट सात दिवसांचीच असते. आता सर्व्हिस सेंटरला जा.’’ कार्ड महिनाभर तिकडेच अडकलं आणि माझ्या शॉर्ट फिल्मच्या सबमिशनची तारीख निघून गेली. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘माल पाह्यल्याबिगर पैसे देते का कोणी?’’

आमची झाली ती फजिती तुमची होऊ नये, म्हणून हे सगळं.

दोष आधी का दिसत नाही?

स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कार्ड ठरवतं आणि त्याचा हिशेब स्वतःच्या मेमरीत ठेवतं. एखादी मेमरी चिप कमजोर असेल किंवा सोल्डरिंग कुठे कच्चं असेल, तर कार्ड थंड असेपर्यंत सगळं ठीक चालतं. डेस्कटॉप आणि यूट्यूबचं कार्डाला फारसं ओझंच नसतं. काम वाढलं, कार्ड तापलं की हिशेब चुकायला लागतो. मग दिसतात रंगीत ठिपके, चौकटी, आडव्या-उभ्या रेघा, हवेत ताणलेले त्रिकोण. यालाच ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात.

‘कंपनीचा माल आहे, तपासायचं काय?’ असं वाटतंय ना? २०१८ मध्ये एनव्हिडियाचं तेव्हाचं महागडं आरटीएक्स २०८० टीआय बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत अनेकांच्या स्क्रीनवर ठिपक्यांची जाळी दिसू लागली. सुरुवातीच्या काही कार्डांतला दोष चाचणीतून निसटला, असं कंपनीनंच मान्य केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आरटीएक्स ५०९० च्या काही कार्डांत पिक्सेल लिहिणारे, म्हणजे आरओपी, १७६ ऐवजी १६८ च निघाले. हे लक्षात कोणाच्या आलं? ज्यांनी कार्ड बसवल्यावर आकडे तपासले त्यांच्या!

पहिल्या दोन दिवसांत एवढं कराच

डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. डबा, कार्ड आणि बिल, तिन्हीकडचा सीरियल नंबर जुळवा.

पॉवरची पिन पूर्ण आत गेली का ते पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावा. ही चूक भलेभले करतात.

‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. मॉडेल, मेमरी, आरओपी कंपनीच्या वेबसाइटवरच्या आकड्यांशी ताडून बघा. जुन्या कार्डाला नवं नाव चिकटवून विकलेला बनावट माल हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा पकडतं.

आता घाम काढा. ‘फरमार्क’ पंधरा मिनिटं चालवा. समोर बसून तापमान आणि स्क्रीन दोन्ही बघत राहा, लावून बाहेर जाऊ नका. मग ‘ओसीसीटी’मधली मेमरीची चाचणी लावा. ती चुका मोजून दाखवते. आकडा शून्यच हवा. शेवटी तुमचा रोजचा जड गेम किंवा रेंडर तासभर चालू द्या.

आणि हो, नागपूरचं ऊन विसरू नका. जानेवारीत पास झालेलं कार्ड मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर, नापास होऊ शकतं. म्हणून चाचणी भर दुपारी आणि कॅबिनेटचं झाकण लावून घ्या. फक्त कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ती हवा गार असली तरी ओली असते.

रेघ दिसली म्हणजे कार्डच खराब?

थांबा! आधी स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर उघडून बघा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके असतील, तर गडबड कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर आधी केबल बदला, दुसरा मॉनिटर लावून बघा. एकाच गेममध्ये त्रास असेल तर बहुधा गेमचाच दोष. विंडोज सुरू होण्याआधीच्या स्क्रीनवरही ठिपके असतील, तर ड्रायव्हर निर्दोष सुटला. वेगानं हलताना चित्र मधोमध कापल्यासारखं दिसणं, म्हणजे ‘टिअरिंग’, हा दोष नाही. सेटिंगमध्ये व्ही-सिंक सुरू केलं की ते बहुतेक वेळा जातं.

‘‘स्पीड थोडा कमी करून वापरा, ठिपके जातील,’’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकून घ्या, पण कार्ड बदलूनच मागा. पैसे पूर्ण स्पीडचे दिलेत ना तुम्ही?

बिल जपून ठेवा

आमची खरी चूक इथे झाली. सात दिवसांची मुदत दुकानदारानं तोंडी सांगितली होती, बिलावर तसं काहीच छापलेलं नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काय म्हणतो, ते मला नंतर कळलं. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे आणि बिलावर मुदतच नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. म्हणजे अकराव्या दिवशी आमचा हक्क शाबूत होता! आम्ही मात्र मान खाली घालून परत आलो. बिल न देणं हीसुद्धा याच कायद्यानं अनुचित प्रथा ठरते. त्यामुळे ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ या मोहात पडू नका.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरीही नाही जमलं, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही. ठिपक्यांचे व्हिडिओ, स्क्रीनशॉट आणि चाचणीचे आकडे हाच तुमचा पुरावा.

मागच्या रविवारी दादाच्या मित्रानं नवं कार्ड आणलं आणि डबा फोडायच्या आधी आम्हाला बोलावलं. भर दुपारी, घामाघूम होऊन दोन तास तिघं स्क्रीनकडे डोळे लावून बसलो. एकही ठिपका नाही, चुका शून्य. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, ‘‘पाह्यला का माल?’’

पाहिला, बाबा. या वेळी नळी खुपसून पाहिला.