गिअरचा गंधार

मोटारीतले मला फारसे कळत नाही. वडिलांनी दरबारात गाऊन जे कमावले, त्यातला कान तेवढा माझ्या वाट्याला आला. त्या कानाच्या भरवशावर हे लिहितो आहे.

माझा एक शिष्य मूळचा डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचा. कोल्हापुरात माझ्याकडे पेटी शिकतो आणि उरलेला वेळ यंत्रांत घालवतो. त्याच्या आजोबांची फोक्सवागन ‘बीटल’ १९६१ सालची, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षातली. तिचे १२०० सी.सी.चे इंजिन थकले, तेव्हा याने १६०० चे बसवले. म्हाताऱ्या गिअरबॉक्सला ते तरुण इंजिन झेपेना. एके दिवशी दाते उडाले.

हे दुखणे जुनेच. १९४८ साली पहिली पोर्शे ३५६ निघाली तीही फोक्सवागनचीच गिअरबॉक्स घेऊन, आणि १९५२ मध्ये पोर्शेला स्वतःची सिंक्रोमेश गिअरबॉक्स करावी लागली. पुढे इंग्लंडात माइक ह्यूलंड यांनी याच बीटलच्या कवचात शर्यतीचे सरळ दात्यांचे गिअर भरले. कवच साधे, पोटात वाघ!

आता थोडा हिशेब. वाचकांनी कंटाळू नये. मूळ पहिल्या गिअरचे प्रमाण ३.८०, दुसऱ्याचे २.०६. पहिल्यातून दुसऱ्यात गेले की इंजिनाचे फेरे त्याच प्रमाणात पडतात. मिनिटाला ४००० होते ते २१७० च्या आसपास येतात. आवाज फेऱ्यांवर चालतो, म्हणून सूरही तेवढाच कोसळतो : तार षड्जावरून थेट मध्य सप्तकातल्या रिषभापाशी. एवढ्या खाली इंजिनाला दम उरत नाही. म्हणून गिअर एकमेकांच्या जवळ आणायचे.

‘‘मास्तर, जवळ आणले की मजबूतही होतात,’’ तो म्हणाला. मला पटेना. त्याने तुटलेला शाफ्ट पुढे ठेवला. पहिल्या गिअरचे १० दात्यांचे इवलेसे चाक शाफ्टातच कोरलेले असते. ते ३८ दात्यांच्या चाकाला फिरवते. दोन शाफ्टांमधले अंतर कवचाने बांधलेले, ते हलवता येत नाही. पण १० ला ३८ ऐवजी १२ ला ३६ केले, तर लहान चाक आपोआप थोर होते, दात्यांची मुळे जाड होतात. प्रमाण ३.००. दुसरा गिअर १८ ला ३४, म्हणजे १.८९. आता ४००० चे २५२० होतात, आणि सूर पडतो तो बरोबर गंधारावर. मी पेटीवर ताडून पाहिले.

कागदावर हे सोपे. पहिला शाफ्ट एका ठिकाणी पाणी देताना बिघडला. दाते आरपार कडक झाले आणि काचेसारखे तडकले. वरून कडक, आत चिवट, असा दाता हवा असतो. दुसरा शाफ्ट होईपर्यंत त्याची दोन वर्षांची शिल्लक संपली. आजोबांची गाडी भंगारात काढावी, असे घरात बोलू लागले.

मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही त्याच गाडीतून सप्तकोटेश्वराला निघालो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले हे देऊळ. दिवाडीहून फेरी नार्व्याच्या धक्क्याला लागली, मागे त्याची आई पूजेचे ताट सांभाळून बसलेली. धक्क्याचा चढ ओला होता. उंचावलेल्या पहिल्या गिअरने सावकाश निघणे नाकारले. क्लचचा जळका वास सुटला आणि गाडी हातभर मागे, पाण्याकडे सरकली. ताटातली फुले सांडली. बिचाऱ्याचा चेहरा पाहवेना. जवळ आणलेल्या गिअरांची किंमत अशी चढावर मोजावी लागते, हे तो मला आधी बोलला नव्हता.

आई काही न बोलता उतरल्या. मीही उतरलो, आणि आम्ही दोघे चालत वर निघालो. मागे इंजिन मोठ्याने घुमले, गाडी आम्हांला ओलांडून वळणापलीकडे गेली. तिथे त्याने गिअर बदलला.

‘‘लागला का हो?’’ आईंनी विचारले.

गंधार स्वच्छ लागला होता.