तिबेटी भाषेचा परदेशी विद्यार्थी

आपल्या विद्यालयात पाली शिकणारी मुले श्रीलंका, थायलंड, म्यानमार या देशांची नावे आपुलकीने घेतात. तिबेटी भाषा व तीमधील बौद्ध विद्या शिकण्यासाठी परदेशी जावयाचे आहे, असे म्हणणारा विद्यार्थी मात्र आम्हांस क्वचितच भेटतो. हंगेरी, जपान, जर्मनी, अमेरिका येथील अभ्यासक ज्या विद्येसाठी हिमालयात आले, तिच्याशी खरे तर आपलेच नाते सर्वांत जवळचे आहे. म्हणून ही विद्या काय आहे, ती कशी शिकवली जाते आणि परदेशी विद्यार्थ्याने कोणती तयारी ठेवावी, हे येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एके काळी परदेशी विद्यार्थी तिबेटी होता आणि विद्यापीठे आपली होती. सातव्या शतकात राजा स्रोङ्त्सन गम्पो याने थोन्मी संभोट यास लिपी व व्याकरण शिकण्यासाठी भारतात पाठविले, असे तिबेटी परंपरा मानते. पुढे कित्येक शतके हा ओघ चालू राहिला. त्यांतील एका उशिरा आलेल्या विद्यार्थ्याची हकिगत आम्ही इतिहासाच्या वर्गात आवर्जून सांगतो. छग् लोचावा धर्मस्वामी हा तिबेटी भिक्खू १२३४ ते १२३६ या काळात बिहारमध्ये होता. नालंदा तेव्हा उद्ध्वस्त झाले होते. तरीही नव्वदी ओलांडलेले आचार्य राहुलश्रीभद्र तेथे सत्तर विद्यार्थ्यांना संस्कृत व्याकरण शिकवीत होते. सैनिक येत असल्याची वार्ता आली आणि सारे पांगले. धर्मस्वामीने मात्र वृद्ध गुरूंना पाठीवर घेऊन जवळच्या मंदिरात लपविले. सैनिक निघून गेल्यावर गुरुशिष्यांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. या वृत्तान्ताचे जॉर्ज रोरिक यांनी केलेले इंग्रजी भाषांतर पाटण्याहून १९५९ साली प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती आपल्या अनंत सदाशिव आळतेकर यांनी.

असे विद्यार्थी परत जाताना ग्रंथ घेऊन गेले, आणि भारतीय पंडितांना शेजारी बसवून त्यांनी ते आपल्या भाषेत आणले. बुद्धवचन मानलेल्या ग्रंथांचा संग्रह कंग्युर, त्याचे शंभराच्या आसपास खंड. भारतीय आचार्यांच्या ग्रंथांचा संग्रह तेंग्युर, त्याचे दोनशेहून अधिक. एका संस्कृत शब्दाला ठरलेला एकच तिबेटी शब्द यावा म्हणून नवव्या शतकाच्या आरंभी राजाज्ञेने महाव्युत्पत्ती हा शब्दकोश सिद्ध झाला. ही काटेकोरपणाची परंपरा नसती, तर आज मूळ हरवलेल्या ग्रंथांचा माग काढणे अशक्य झाले असते. दिङ्नागाचा प्रमाणसमुच्चय हा भारतीय तर्कशास्त्राचा पायाभूत ग्रंथ संपूर्ण रूपाने हाती येतो तो तिबेटीतच. धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकाची संस्कृत हस्तलिखिते तिबेटच्या विहारांतून शोधून काढली ती राहुल सांकृत्यायन यांनी. जातीचा अभिमान बाळगणे हे बुद्धी जड झाल्याचे लक्षण आहे, असे लिहिणारा हाच तो धर्मकीर्ती. ज्या प्रदेशात हा विचार जन्मला तेथून तो नाहीसा व्हावा आणि परक्या देशातील भिक्खूंनी तो तोंडपाठ ठेवावा, यावर आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

राहुलजी १९२९ साली वेषांतर करून नेपाळमार्गे ल्हासाला पोहोचले. १९३४, १९३६ आणि १९३८ साली ते पुन्हा गेले. तेथे ते भारतीय असूनही परदेशी विद्यार्थीच होते. त्यांच्याही शंभर वर्षे आधी हंगेरियन अभ्यासक चोमा द कोरोश आपल्या पूर्वजांचा शोध घेत आशियात आला आणि तिबेटी भाषेत गुंतला. झांस्करमधील झांग्ला येथे एका लहानशा थंड खोलीत, लामा सांग्ये फुन्त्सोग यांच्यासमवेत, तो सोळा महिने बसला. त्याचे तिबेटी-इंग्रजी शब्दकोश व व्याकरण कलकत्त्यात १८३४ साली छापले गेले. ज्या भाषेची आधुनिक साधने अशी एका माणसाच्या चिकाटीतून उभी राहिली, ती आज शिकणे पुष्कळच सुकर आहे.

आता भाषेविषयी. तिबेटी लिपीत तीस व्यंजने आणि चार स्वरचिन्हे आहेत. तिचे मूळ भारतीय लिपीत असल्याने क, ख, ग हा क्रम देवनागरी जाणणाऱ्या मुलास ओळखीचा वाटतो. अडचण आहे ती लेखन आणि उच्चार यांतील अंतराची. लेखन जुन्या काळचे राहिले, उच्चार बदलला. ‘आठ’ या अर्थाचा शब्द लिहिताना ब, र, ग, य, द ही अक्षरे येतात आणि ल्हासाच्या बोलीत ऐकू येतो तो सुमारे ‘ग्ये’ एवढाच. शिवाय आदरार्थी शब्द वेगळे: आपला हात ‘लाग्पा’, गुरूंचा हात ‘छाक्’. बाजारातील बोली आणि ग्रंथांची भाषा यांतही पुष्कळ फरक असल्याने दोन्ही शिकाव्या लागतात.

मराठी मुलास एक सोय मात्र उपजत मिळालेली आहे, आणि तिची दखल घेतलेली आम्ही फारशी पाहिली नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यातील ‘ने’ इंग्रजी भाषकाला समजावून सांगताना शिक्षकाचा घाम निघतो. तिबेटीतही कर्त्याला असाच प्रत्यय लागतो, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीची चिन्हे नामाच्या मागून येतात. विशेषण बहुधा नामानंतर येते, एवढे नव्याने अंगवळणी पाडावे लागते.

१९५९ नंतर तिबेटी आचार्य मोठ्या संख्येने भारतात व नेपाळात आले आणि त्यांच्याबरोबर पाठशाळाही आल्या. परदेशी विद्यार्थी आज मोठ्या प्रमाणात जातात ते काठमांडूच्या बौद्धनाथ परिसरात. तेथील का-न्यिङ शेद्रुप लिङ या विहारातील रांगजुंग येशे संस्था काठमांडू विद्यापीठाशी संलग्न आहे. बोलीभाषेचा सघन वर्ग, ग्रंथांची भाषा, पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम अशी तेथील रचना आहे. तिबेटी कुटुंबात राहून भाषा शिकण्याची सोयही असते. घरच्या चुलीजवळ ऐकलेली वाक्ये वर्गातील वाक्यांपेक्षा लवकर तोंडी बसतात. भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही, ही आपल्या मुलांसाठी लहान गोष्ट नव्हे. खर्च व शिष्यवृत्ती यांची चौकशी मात्र निघण्यापूर्वी वर्षभर आधी करावी. माध्यम इंग्रजी असल्याने इंग्रजी वाचनाची सवय हवी आणि संस्कृत वा पालीचा पाया असल्यास उत्तम.

विहारातील अध्ययनाचा गाभा वादविवाद हा आहे. उत्तर देणारा बसलेला, प्रश्न करणारा उभा. प्रश्न टाकताना तो टाळी वाजवून पाय आपटतो. आरंभ अगदी साध्या गोष्टींनी होतो. जे जे रंग आहे ते ते लाल असते काय? ‘होय’ म्हणणाऱ्यापुढे पांढऱ्या शंखाचा रंग ठेवला जातो. उत्तरे ठरलेली: मान्य आहे, हेतू असिद्ध आहे, व्याप्ती नाही. हेतू आणि व्याप्ती हे शब्द ज्यांचे, ते दिङ्नाग व धर्मकीर्ती आपलेच. गेलुग परंपरेत जे पाच मोठे ग्रंथ वर्षानुवर्षे शिकविले जातात, त्यांचे मूळही भारतीयच: अभिसमयालंकार, चंद्रकीर्तीचा मध्यमकावतार, प्रमाणवार्तिक, वसुबंधूचा अभिधर्मकोश आणि गुणप्रभाचे विनयसूत्र.

येथे आपल्या पालकांच्या मनातील एक शंका उघडपणे मांडली पाहिजे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील मुलाने तांत्रिक देवता, पूजाविधी आणि पुनर्जन्म घेतलेले लामा यांच्यामध्ये जाऊन राहावे काय? शंका रास्त आहे आणि ती गिळून टाकण्याचे कारण नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाने पुनर्जन्माचा जो अर्थ आपल्याला दिला, तो तिबेटी परंपरेला मान्य होणार नाही. परंतु भाषा शिकणे म्हणजे विधी स्वीकारणे नव्हे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बाबासाहेब तेथील कोणत्याही मताचे दास झाले नाहीत. १९५६ च्या नोव्हेंबरात, दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, प्रकृती खालावलेली असताना ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूलाच गेले आणि नाना परंपरांच्या भिक्खूंसमोर बुद्ध व मार्क्स यांविषयी आपले मत त्यांनी निर्भीडपणे मांडले. आपला विद्यार्थी तेथे प्रश्न घेऊन गेला, तर प्रश्न विचारणे हीच जेथे अध्ययनाची रीत आहे त्या प्रांगणात त्याला जागा मिळेल, असे आमचे मत आहे.

ज्यास तूर्त परदेशी जाणे शक्य नाही, त्याने १९६७ साली स्थापन झालेली सारनाथची केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षण संस्था पाहावी. तिबेटीवरून लुप्त ग्रंथ पुन्हा संस्कृतात आणण्याचे काम तेथे चालते. तीस अक्षरे तर येथेही शिकता येतील. वसतिगृहातील सायंकाळचा अर्धा तास काही आठवडे त्यासाठी दिला, तर दहावीची मुले ती सहज गिरवतील.