संदेशांच्या रांगा आणि मृत जोडण्या

देशातील किरकोळ निधी हस्तांतरणासाठीची एनईएफटी ही सेवा नोव्हेंबर २००५ मध्ये, तर मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएस ही सेवा मार्च २००४ मध्ये सुरू झाली. दीर्घकाळ या दोन्ही सेवा बँकांच्या कामकाजाच्या वेळेशी बांधलेल्या होत्या. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस ही अहोरात्र, वर्षाचे सर्व दिवस उपलब्ध झाली. २०१६ मध्ये आलेली यूपीआय ही सेवा तर प्रारंभापासूनच अखंड चालणारी होती. नागरिकांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. मात्र जी संगणक यंत्रणा रोज रात्री बंद होऊन सकाळी नव्याने सुरू होते, तिच्यातील कित्येक दोष त्या बंद-चालूमध्ये आपोआप पुसले जातात. अखंड चालणाऱ्या यंत्रणेला ही सवलत नसते. संदेश-रांग प्रणालीतील मृत जोडण्या हा अशाच दोषांपैकी एक. माहिती तंत्रज्ञान विषयाच्या परीक्षांत तो क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. परंतु संगणक जाळे, कार्यप्रणाली आणि व्यवहार-व्यवस्थापन हे तीनही घटक त्यात एकत्र येत असल्याने अभ्यासास तो उपयुक्त आहे.

रांग कशासाठी?

दोन संगणक परस्परांशी थेट बोलतात, तेव्हा दोघेही त्या क्षणी जागे असावे लागतात. रांग-प्रणालीत ही अट नसते. पाठविणारा आपला संदेश मध्यस्थाकडे सोपवितो. मध्यस्थ तो जपून ठेवतो आणि घेणारा उपलब्ध होताच त्याच्या हवाली करतो. नोंदणीकृत टपालाची पद्धत यापेक्षा फारशी वेगळी नाही. आयबीएम कंपनीने एमक्यूसिरीज हे उत्पादन १९९३ मध्ये बाजारात आणले. आज ते आयबीएम एमक्यू या नावाने ओळखले जाते. एएमक्यूपी या खुल्या संकेताचा प्रारंभ २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत झाला आणि त्यावर आधारित रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आले. एमक्यूटीटी या संकेताचा उगम १९९९ चा. तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती उपग्रहाद्वारे, कमीत कमी खर्चात आणण्यासाठी अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो रचला.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. संदेश रांगेत सुरक्षित असला, तरी ग्राहक-संगणक म्हणजे क्लायंट आणि मध्यस्थ यांच्यातील जोडणी सामान्यतः टीसीपी या संकेतावर उभी असते. दोष शिरतो तो तेथे.

मौनाचा अर्थ

टीसीपी जोडणी ही काही तार नव्हे. दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली ती एक नोंद असते. जोडणी रीतसर संपविताना एक बाजू दुसरीला तसे कळविते. परंतु क्लायंटची वीजच गेली, मधली केबल तुटली किंवा मार्गातील फायरवॉलने आपल्या तक्त्यातील नोंद पुसून टाकली, तर कळविणार कोण? टीसीपीमध्ये बोलण्यासारखे काही नसेल, तर काहीही न पाठविणे हेच नियमाला धरून आहे. त्यामुळे निरोगी परंतु निवांत जोडणी आणि मेलेली जोडणी या मध्यस्थाला अगदी सारख्या दिसतात. या अवस्थेला अर्धी उघडी जोडणी म्हणतात.

यावर कार्यप्रणालीत ‘कीपअलाइव्ह’ ही सोय आहे. १९८९ च्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजाने ती मूलतः बंद असावी आणि तिचा पूर्वनिर्धारित अवधी दोन तासांपेक्षा कमी नसावा, असे सांगितले. लिनक्समध्ये सोय चालू केल्यावरही ७२०० सेकंदांच्या मौनानंतर पहिली चाचणी जाते आणि ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या अनुत्तरित राहिल्यावर जोडणी मृत ठरते. म्हणजे एकूण २ तास ११ मिनिटे १५ सेकंद. दुसरीकडे मार्गातील उपकरणे इतकी धीराची नसतात. पत्ता-रूपांतर करणाऱ्या उपकरणांनी स्थापित जोडणी किमान २ तास ४ मिनिटे जपावी, असे २००८ चा आरएफसी ५३८२ सांगतो. प्रत्यक्षात ॲमेझॉनच्या क्लाउडमधील एनएटी गेटवे ३५० सेकंदांच्या मौनानंतरच नोंद सोडून देतो. पहारेकरी दोन तासांनी फेरी मारणार आणि दार सहा मिनिटांच्या आत बंद होणार, असा हा विसंवाद आहे.

मेलेल्या मार्गावर क्लायंटने संदेश पाठविला तर काय होते, हे फायरवॉलच्या स्वभावावर अवलंबून असते. तिने स्पष्ट नकार दिला, तर चूक त्वरित कळते. तिने संदेश मुकाट्याने टाकून दिला, तर टीसीपी पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते आणि लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार साधारण १५ मिनिटांनंतरच हार मानते. तोवर कार्यक्रम ‘अडकलेला’ दिसतो.

परिणाम कोणावर?

पहिला परिणाम जागेचा. क्लायंट दर वेळी नवी जोडणी करतो, जुनी मध्यस्थाकडे तशीच राहते. आयबीएम एमक्यूमध्ये एकूण चॅनेलांची मूळ मर्यादा १०० आहे. ती भरली की नव्या क्लायंटला प्रवेश नाकारला जातो. आणि गंमत अशी की मध्यस्थ स्वतः पूर्णपणे तंदुरुस्त दिसत असतो. दुसरा परिणाम ताब्याचा. मेलेल्या जोडणीने रांग केवळ स्वतःसाठी उघडलेली असेल, तर त्याच कार्यक्रमाच्या नव्या प्रतीस २०४२ हा कारण-क्रमांक मिळतो. त्याचा अर्थ वस्तू वापरात आहे. रॅबिटएमक्यूमध्ये मृत ग्राहकाकडे सोपविलेले, पण पोचपावती न आलेले संदेश ती जोडणी मोडेपर्यंत इतर कोणालाही मिळत नाहीत.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर होय. व्यवहार पक्का करण्याची आज्ञा गेली आणि उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर आज्ञा अमलात आली की नाही, हे क्लायंटला कळण्याचा मार्ग नसतो. पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण घेणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, या परिचित तक्रारीची कारणे अनेक असतात. संदेशवहनातील खंड हे त्यांतील एक. यासंबंधी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये कालमर्यादा ठरवून दिली. यूपीआयद्वारे केलेल्या निधी हस्तांतरणात घेणाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा न झाल्यास ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी लागते. त्यानंतरच्या विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई देय असते. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या कुटुंबाला मात्र तो एक दिवसही मोठा असतो.

शोध आणि उपाय

तपासाची सुरुवात दोन्ही टोकांच्या तुलनेने करावी. मध्यस्थाच्या संगणकावर नेटस्टॅट या आज्ञेने जोडणी ‘स्थापित’ दिसते आणि क्लायंटच्या संगणकावर तिचा मागमूसही नाही, असे आढळले की निदान झाले. केवळ शेवटचा संदेश कधी आला, एवढ्यावरून जोडणी मृत ठरविणे धोक्याचे; रविवारी दुपारी निवांत असणे हा गुन्हा नव्हे. वेळेचा आकृतिबंधही बोलका असतो. जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिलाच व्यवहार नेहमी २००९ या ‘जोडणी तुटली’ क्रमांकाने फसत असेल, तर संशय फायरवॉलच्या कालमर्यादेवर घ्यावा.

खरा उपाय ‘हार्टबीट’. संदेश नसतानाही दोन्ही बाजूंनी ठरावीक अंतराने एक लहानसा ठोका पाठवायचा. आयबीएम एमक्यूमध्ये त्याचे मूळ अंतर ३०० सेकंद, रॅबिटएमक्यूमध्ये ६० सेकंद आहे. एमक्यूटीटीमध्ये हे अंतर क्लायंट स्वतः सांगतो आणि त्याच्या दीडपट काळ शांतता राहिली, तर मध्यस्थ जोडणी मोडतो. शिवाय क्लायंटने आधीच ठेवलेले ‘मृत्युपत्र’ म्हणजे शेवटचा संदेश इतरांना प्रसृत करतो. अंतर मार्गातील सर्वांत अधीर उपकरणाच्या मर्यादेपेक्षा कमी हवे. ३५० सेकंदांच्या मर्यादेत ३०० सेकंदांचा ठोका जेमतेम बसतो. निम्मे अंतर अधिक सुरक्षित. ते फारच कमी ठेवल्यास, उदाहरणार्थ पाच सेकंदांखाली, जाळ्यातील क्षणिक गर्दीमुळे जिवंत जोडण्याही मारल्या जातात.

हार्टबीटने मृत्यू लवकर कळतो, टळत नाही. म्हणून पुन्हा जोडणी करताना क्लायंटने प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ वाढवावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता ठेवावी. अन्यथा वीज परत येताच हजारो क्लायंट एकाच क्षणी दारावर येतात. पोचपावतीच्या पद्धतीत ‘किमान एकदा’ पोहोचण्याची हमी मिळते, ‘नेमके एकदा’ची नाही. त्यामुळे प्रत्येक व्यवहारास एकमेव क्रमांक देऊन, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास रक्कम पुन्हा जमा न करण्याची जबाबदारी घेणाऱ्या कार्यक्रमावर येते. मृत जोडणी हाताने मोडण्यापूर्वी तिच्याकडे अपूर्ण व्यवहार आहे का, हे प्रशासकाने पाहावे. असल्यास ती मोडताच मध्यस्थ तो व्यवहार मागे फिरवितो, संदेश रांगेत परततो आणि पुढच्या ग्राहकाच्या हाती पडतो.