जुन्या अँबॅसडरचा सायलेन्सर आणि हॉर्न



अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी काही सभासदांच्या दारात ही गाडी अजून उभी आहे. गळीत हंगामात रस्त्यावर बैलगाड्या नि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची गर्दी असते, तेव्हा हॉर्न वाजलाच पाहिजे. सायलेन्सरचे दुखणे त्याहून वाईट. फुटक्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस दगावतो.

सायलेन्सर : गार इंजिन उघड्यावर सुरू करा. नळीच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर दाबा. फुसफुस ऐकू येईल तिथे गळती समजावी. सांध्यावरची काजळीही तेच सांगते. गार असताना टकटक आणि तापल्यावर आवाज कमी, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले. ते बदलावे. पत्राच गंजला असेल तर ठिगळ लावत बसू नये, नवा घालावा.

हॉर्न : आधी फ्यूज बघा. मग बॅटरीवरून दोन वायरी थेट हॉर्नला लावा. वाजला, तर दोष वायरीत किंवा स्टिअरिंगच्या बटणात. नाही वाजला, तर हॉर्नच बिघडला. आवाज बसका असेल तर जोडांवरचा गंज पॉलिश पेपरने घासा. हॉर्न आपोआप वाजतच राहिला, तर बटण अडकले किंवा त्याची वायर बॉडीला टेकली. आधी फ्यूज काढा.

आमचे एकच सांगणे : शेडचे दार लावून इंजिन कधीही चालू ठेवू नका.

— ऊस विकास अधिकारी